मी आहे ना!

परदेश प्रवासात सामान हरवू शकतं, विमान चुकू शकतं, पोट बिघडू शकतं. या सगळ्यांवर विमा मिळतो. ज्या एका संकटावर जगातली कुठलीही कंपनी विमा उतरवत नाही, ते म्हणजे त्या शहरात राहणारा आपला मित्र.

हे संकट फोनवरून येतं, आणि फक्त तीन शब्दांत येतं. "मी आहे ना!"

लंडनला जायचं ठरल्यावर मी रीतसर एक वही केली होती. डावीकडे ठिकाणं, उजवीकडे तिकिटांचे दर, मधल्या रकान्यात कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद आणि शेवटच्या पानावर स्वच्छतागृहं. (या पानाला हसणाऱ्यांनी आधी पन्नाशी गाठावी.) ती वही मी मोठ्या उत्साहानं तिथल्या मित्राला फोनवर वाचून दाखवायला लागलो. दुसऱ्या पानावर पोचतो न पोचतो, तोच तो कडाडला.

"अरे, वही कसली करतोस? बावीस वर्षं राहतोय मी इथे! बुकिंग-फिकिंग काही करायचं नाही. मी आहे ना!"

मी वही मिटली. बायकोनं ती उचलून पर्समध्ये टाकली. माणसांवर तिचा विश्वास आहे. माझ्या मित्रांवर नाही.

मित्र मूळचा आमच्याच पेठेतला, पण आता पुरता लंडनकर. पहिल्या दिवशी त्यानं आम्हाला बकिंगहॅम राजवाड्यावर नेलं, पहाऱ्याची बदली बघायला. तांबडे डगले, डोक्यावर अस्वलाच्या कातड्याच्या उंच टोप्या, बँड वगैरे. आम्ही पोचलो तेव्हा कुंपणाला गर्दी अशी नव्हतीच.

"बघ, माहितीच्या माणसाबरोबर आलं की हा फायदा," लंडनकर म्हणाला. "एरवी इथे उभं राहायला जागा मिळत नाही."

अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. एक कबूतर आलं आणि गेलं. बायकोनं पर्समधून वही काढली.

"भावजी, यात लिहिलंय की बदली साधारण सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी असते."

"बरोबर आहे."

"आज मंगळवार आहे."

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. लंडनकरानं कुंपणातून आतल्या दोन निश्चल शिपायांकडे बोट दाखवलं. "वहिनी, ते बघा. पहारा आहे की नाही? आहे. फक्त बदलत नाहीये. बदलताना तर सगळेच बघतात!"

स्थानिक मित्राचं पहिलं लक्षण मला त्या मंगळवारी कळलं. त्याला जगातली सगळी वाक्यं बोलता येतात, फक्त 'मला माहीत नाही' हे येत नाही. कारण विमानतळावर तुमची बॅग हातात घेतली, की त्या क्षणापासून ते शहर त्याच्या घरचं कार्य होतं. पाऊस पडला तर तो दिलगीर होतो. ऊन पडलं तर, "खास तुमच्यासाठी सांगून ठेवलं होतं," असं म्हणतो. नदीचं पाणी गढूळ दिसलं तर, "परवापर्यंत बरं होतं," असं सांगतो. थेम्स परवाही गढूळच होती. तेरवाही. पण पाहुण्यासमोर यजमानानं कमीपणा घ्यायचा कसा?

राजवाड्यावरून आम्ही भुयारी रेल्वेनं कॉव्हेंट गार्डनला निघालो. जगातली ही सर्वांत जुनी भुयारी रेल्वे, 1863 साली सुरू झालेली. तिच्या सरकत्या जिन्यांवर उभं राहणाऱ्यानं उजवीकडे राहायचं आणि घाईतल्या माणसाला डावी बाजू मोकळी ठेवायची, असा दंडक आहे. तो आम्हाला फलकावरून कळलाच असता. पण लंडनकर वरच्या पायरीवरून ओरडला, "उजवीकडे! ए, उजवीकडे हो! वहिनी, पर्स आत घ्या!" त्याबरोबर सबंध जिन्यावरचे लोक आमच्याकडे वळून बघू लागले. त्यांतल्या एका गृहस्थांनी तर घाबरून स्वतःचीच पिशवी आत घेतली.

कॉव्हेंट गार्डन स्टेशनात वर जायला लिफ्ट आहेत, आणि एक गोल जिनाही आहे. जिन्यापाशी पाटी आहे: पायऱ्या 193, म्हणजे पंधरा मजले, तेव्हा शक्यतो लिफ्ट वापरा. लिफ्टपाशी पाच-पंचवीस माणसं उभी होती.

"ही पाटी टुरिस्टांना घाबरवायला असते," लंडनकर म्हणाला. "आपण लोकल माणसं. चला!"

सुमारे साठाव्या पायरीवर तो बोलायचा थांबला. शंभराव्या पायरीवर त्यानं अचानक भिंतीवरच्या जुन्या फरशांची कारागिरी बघायला सांगितलं, आणि ती आम्ही तिघांनी कठड्याला धरून बराच वेळ बघितली. वरून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी "सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. वर आलो तेव्हा वहीतली पुढची ओळ बायकोनं धापा टाकत वाचून दाखवली. आम्ही मागे टाकलेलं लेस्टर स्क्वेअर आणि हे कॉव्हेंट गार्डन यांत अंतर 260 मीटर. लंडनच्या भुयारी रेल्वेतली ही सर्वांत जवळजवळची दोन स्टेशनं. जमिनीवरून आलो असतो तर चार मिनिटं लागली असती.

"पण मग तो जिना बघायचा राहिला असता," लंडनकर म्हणाला. यावर काय बोलणार?

स्थानिक मित्र नेहमी पुढे चालतो, आणि त्याला रोजची आठ-बाराची गाडी गाठायची सवय असल्यानं आपल्याच शहरात तो पळत असतो. वरातीतल्या घोड्यामागून करवल्यांनी धावावं, तसे आम्ही त्याच्यामागून धावत होतो. लंडन मी पाहिलं ते मुख्यतः त्याच्या निळ्या सॅकच्या डावी-उजवीकडून. सेंट पॉलचा घुमट सॅकच्या वर आणि टॉवर ब्रिज सॅकच्या खाली. परत आल्यावर शेजाऱ्यांना फोटो दाखवले, तर त्यांनी कौतुकानं विचारलं, "सॅक छान आहे, तिथून घेतली का?"

धावता धावता तो माहितीही देत असे. मात्र तिचा इतिहासाशी संबंध नव्हता. "हे घर दिसतंय ना? चार मिलियन पाउंड." "ही गल्ली लक्षात ठेव. इथे मला पार्किंगचा पहिला दंड झाला." "आणि हा कॅमेरा बघ, दुसरा दंड इथला." पार्लमेंटपासून हाइड पार्कपर्यंत एकही वळण असं नव्हतं, जिथे त्याचे पैसे गेलेले नाहीत. शहराच्या मधल्या भागात गाडी घातली की कंजेशन चार्ज पडतो. तो 2003 साली सुरू झाला, आणि लंडनकराच्या कालगणनेत ते साल फार मोठं आहे. चार्जपूर्व लंडन आणि चार्जोत्तर लंडन. पहिलं सोन्याचं होतं.

त्याचं ऑफिस 'मॉन्युमेंट' नावाच्या स्तंभाजवळ. 1666 साली पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली आणि बघता बघता निम्म्याहून अधिक जुनं लंडन जळालं. त्या आगीचं हे स्मारक. उंची 202 फूट, कारण ती बेकरीही स्तंभापासून बरोबर 202 फुटांवर होती. आत गोल जिना, पायऱ्या 311.

"बारा वर्षं याच्या पायथ्याशी सँडविच खातोय मी," तो अभिमानानं म्हणाला.

"वरून कसं दिसतं रे?"

"वर... जायचंय."

'जायचंय' हे जगभरच्या स्थानिकांचं घोषवाक्य आहे. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं जिन्याकडे बघितलं. कॉव्हेंट गार्डनची आठवण दोघांनाही आली. पण बायकोनं एव्हाना तीन तिकिटं काढली होती. अर्ध्या तासानं खाली आलो तेव्हा तिथल्या माणसानं प्रत्येकाच्या हातात, 311 पायऱ्या चढल्याबद्दल, एक छापील प्रमाणपत्र ठेवलं. आमची दोन प्रमाणपत्रं हॉटेलातच राहिली. लंडनकरानं आपलं दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन टेबलावर लावलं, असं त्याच्या बायकोनं फोनवर आम्हाला हळूच सांगितलं.

टॉवर ऑफ लंडनला जायला मात्र तो तयार होईना. "माणशी तीस पाउंडांच्या वर घेतात. आणि कशासाठी? आपलाच हिरा आपल्याला दाखवायला!" युक्तिवाद बिनतोड होता, पण बायको अडून बसली. आत गेल्यावर कळलं, की मुकुटांच्या पेट्यांसमोर सरकता पट्टा आहे. त्यावर उभं राहायचं आणि पट्टा नेईल तसं पुढं जायचं. कोहिनूर, 105 कॅरटांहून थोडा अधिक, डोळ्यांसमोर येतो न येतो तोच आपण पुढच्या मुकुटापाशी. घुटमळायची सोयच ठेवलेली नाही. बायको पट्ट्यावरून उतरली, वळसा घालून पुन्हा चढली. पुन्हा उतरली, पुन्हा चढली.

"वहिनी, किती वेळा?"

"तिकिटाचे पैसे वसूल होईपर्यंत," ती म्हणाली आणि पुन्हा चढली. नंतर बघतो तर लंडनकरही तिच्यामागे रांगेत. पैसे वसूल करायची संधी समोर असताना तो मागे कसा राहील?

ग्रिनिचला आणखी मजा. तिथे जमिनीत शून्य रेखांशाची पट्टी बसवलेली आहे. एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिम गोलार्धात, असा फोटो काढायला रांग. मी तसा उभा राहिलो आणि सहज मोबाइलवर रेखांश बघितला, तर तो शून्य नाही! उपग्रहांच्या हिशेबानं शून्य रेषा त्या पट्टीच्या शंभरएक मीटर पूर्वेला, बागेतल्या हिरवळीवरून जाते. जुन्या शास्त्रज्ञांनी दुर्बीण ओळंब्यानं सरळ केली, आणि ओळंबा स्थानिक गुरुत्वाकर्षणानं किंचित कलतो. उपग्रह थेट पृथ्वीच्या मध्यापासून मोजतात, एवढाच हा घोळ. पण लंडनकराला ते मनाला लागलं. "तुझा फोन इंडियातला आहे ना, म्हणून," असं म्हणून त्यानं स्वतःचा फोन काढला. तोही तेच म्हणाला. मग तो बराच वेळ त्या हिरवळीकडे असा बघत होता, जणू रेखांश कोणी रातोरात सरकवला आणि त्याला कळवलंही नाही.

याच्या उलट, एक ठिकाण त्याला तोंडपाठ होतं. 10, किंग हेन्रीज रोड. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, 1921-22 मध्ये, डॉ. आंबेडकर या घरात राहिले. 2015 साली ते महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा तिथे नेण्याचा आग्रह धरतो, त्यामुळे लंडनकराला तिथली खोली न् खोली ठाऊक. कुठे काय लिहिलंय ते न बघता म्हणून दाखवतो. 1932 साली स्थापन झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळही तसंच पाठ. गणपतीत कुठल्या वर्षी बटाटेवडे कमी पडले हेसुद्धा. म्हणजे माणसाची स्मरणशक्ती चांगली होती. फक्त तिला पाहुण्यांनी चालना द्यावी लागत होती.

आणि आता या विषयाचा गाभा. तो 'जाता जाता' या दोन शब्दांत आहे.

"जाता जाता एक पार्सल परत करू." "जाता जाता चावी बनवून घेऊ." "ब्रिटिश म्युझियमला जाऊच, पण त्याआधी, जाता जाता, वेंब्लीला पाच मिनिटं." ब्रिटिश म्युझियम एकीकडे आणि वेंब्ली भलतीकडे, हे नकाशा न बघताही बायकोला कळलं. वेंब्लीच्या ईलिंग रोडवर गुजराती दुकानांची रांग आहे. भेंडी, कढीपत्ता, अळूची पानं, कोवळी गवार. तिथे पाऊल ठेवताच आमचा मित्र पालटला. पाठीचा कणा ताठ झाला. चालीतली घाई गेली. कोथिंबीर कुठे ताजी, कुठे जुडीत मागच्या दिवसाच्या काड्या लपवतात, हापूसची पेटी कुणाकडे आधी येते, सगळं ओठांवर. दुकानदार त्याला नावानं हाक मारत होते. पहाऱ्याच्या बदलीचा वार माहीत नसलेल्या या माणसाला आल्याची आवक कुठल्या वारी होते, ते माहीत होतं.

सात हजार किलोमीटर विमानानं उडून आम्ही तासभर भेंडी निवडली. रोझेटा शिला बघायला संध्याकाळी पोचलो, तेव्हा म्युझियमचे लोक दालनं रिकामी करत होते. चित्रलिपीच्या शेवटच्या ओळी मी वळून वळून, पाठमोरा चालत बघितल्या. हातात अळूची जुडी होती.

पुढचा मुक्काम रोम. तिथला मित्र मात्र अस्सल तिथला, सात पिढ्यांचा. कामानिमित्त ओळख झालेली. त्याला आम्ही रोमकर म्हणू. लंडनकराच्या अनुभवानं शहाणं होऊन मी त्याला आधीच विचारलं, "तू कलोसियम पाहिलं आहेस ना?"

"लहानपणापासून रोज!"

हायसं वाटलं. पण पाहिलेला मित्र हा न पाहिलेल्या मित्रापेक्षाही अवघड असतो. कारण जे सगळे बघतात ते त्याला तुम्हाला दाखवायचं नसतं.

"आत कशाला जायचं?" कलोसियमसमोर उभं राहून तो म्हणाला. इसवी सन 80 मध्ये उघडलेलं, पन्नास हजार माणसं मावतील असं ते अवाढव्य प्रेक्षागृह आमच्यासमोर उभं होतं. "आत दगड आहेत. बाहेरही दगडच आहेत. खरं रोम इकडे आहे." आणि त्यानं आमच्या पायांखालचं लोखंडी झाकण दाखवलं. गटाराचं. त्यावर 'एस.पी.क्यू.आर.' अशी अक्षरं होती. म्हणजे रोमचं सेनेट आणि रोमची जनता. प्राचीन प्रजासत्ताकाची ही मुद्रा महापालिका अजून आपल्या झाकणांवर उमटवते. गोष्ट खरोखर रंजक होती. पण पुढचा सगळा दिवस आम्ही झाकणं बघितली. डोक्यावर मायकेलअँजेलो, बर्निनी, ब्रामांते यांनी जीव ओतलेला, आणि आम्ही मान खाली घालून गटारांची मोजदाद करतोय.

पाणी प्यायलाही सरळ मिळेना. रोमच्या रस्त्यांवर बिडाचे नळ आहेत, हजारोंनी, चोवीस तास वाहणारे. त्यांच्या बाकदार तोटीमुळे लोक त्यांना 'नाकाडे' म्हणतात. रोमकर म्हणाला, "टुरिस्ट वाकून पितात. रोमन माणूस असा पितो." त्यानं तोटीच्या तोंडावर बोट दाबलं, आणि वरच्या छोट्या भोकातून पाण्याची नाजूक कमान त्याच्या ओठांवर आली. तिथल्या कुठल्याही कारंज्याला लाजवील अशी! मग माझी पाळी. मी बोट दाबलं. पाणी आलं. ते प्रथम माझ्या चष्म्यावर, मग शर्टावर, आणि मग शेजारच्या दोन जर्मन आजींवर गेलं. आजी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी छत्री उघडली.

ओल्या शर्टानं स्पॅनिश जिन्यापाशी पोचलो. शंभरावर पायऱ्या, जगभरातले लोक बसायला जिथे यायचे ते ठिकाण. मी टेकणार तोच शिट्टी वाजली. 2019 पासून तिथे बसायला बंदी आहे. दंड चारशे युरोपर्यंत.

"मग बसायचं कुठे?"

"कॅफेत," रोमकर म्हणाला. "पण बसायचं नाही." कारण कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्यायली तर एक दर, आणि खुर्चीत बसून प्यायली तर दुसरा, चांगला वरचढ. तेव्हा काउंटरला ओणवं होऊन मी म्हटलं, "एक कापुचिनो."

कॅफेतलं संभाषण थांबलं. रोमकरानं माझ्या दंडावर हात ठेवला आणि घड्याळ दाखवलं. दुपारचे तीन. "जेवणानंतर दूध? पोटाला?" त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. दुपारी वरण-भातानंतर कुणी पाहुण्यानं पोहे मागितले, तर आपली आजी जी काळजी करील तीच. मुकाट्यानं काळी कॉफी घेतली. दोन घोटांत संपली. उभ्या उभ्याच.

अव्हेंटाइन टेकडीवर त्यानं आम्हाला एका बंद दरवाजाच्या कुलपाच्या भोकातून डोकवायला लावलं. त्यासाठीही रांग होती. डोळा लावला, तर आतल्या बागेच्या दोन हिरव्या कुंपणांच्या नेमक्या मध्यभागी, दूरवर, सेंट पीटरचा घुमट! दृश्य अप्रतिम. बायकोनं विचारलं, "आता तिथे प्रत्यक्ष जाऊ या?" रोमकर चकित झाला. "कशाला? आत्ता तर बघितला!"

पँथिऑनमध्ये नेलं, कारण ते त्याच्या वाटेवर होतं. छताच्या मधोमध जवळजवळ नऊ मीटरचं उघडं भोक, त्यातून पाऊस सरळ आत येतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून वाहून जातो. जवळपास एकोणीसशे वर्षं ही व्यवस्था चालू आहे. 2023 साली तिथे पाहुण्यांना पाच युरो तिकीट सुरू झालं, रोमच्या रहिवाशांना फुकट. रोमकरानं दारावरच्या माणसाला सांगितलं, "हे माझ्याबरोबर आहेत." मग दोघांनी हातवारे करत, एकमेकांच्या आयांची विचारपूस करत, एवढा वाद घातला की रांगेतल्या लोकांनी पँथिऑन सोडून त्यांचेच फोटो काढले. शेवटी मीच दहा युरो दिले. रोमकर आणि दारावरचा माणूस गळ्यात गळे घालून हसले. त्यांचा वाद पैशांसाठी नव्हताच. तो करमणुकीचा होता आणि त्यात आमचा व्यत्यय येत होता.

'जाता जाता' इटालियनमध्येही आहे, हे कळायला वेळ लागला नाही. जाता जाता रोमकराच्या चांभाराकडे गेलो. एका बोळात, दीड माणूस मावेल अशा दुकानात. बूट तयार नव्हता. चांभारानं त्याची कारणं सांगितली, ती रोमकरानं आम्हाला भाषांतर करून सांगितली. मेहुणीचं लग्न, ट्रामचा संप आणि चामड्याचा बदललेला दर्जा. आम्ही दोघं मोडक्या स्टुलांवर बसून होतो. रोममध्ये आम्हाला फुकट बसायला मिळालेली ती पहिली जागा. बायकोनं चपला काढून पाय पसरले. चांभारानं न विचारता तिच्या चपलेचा सुटलेला पट्टा शिवून टाकला आणि पैसे घेतले नाहीत. कलोसियमचं तिकीट अखेर मिळालं नाही. त्या दिवसांची सगळी आधीच संपली होती. बायको आजही रोमचं नाव निघालं की चप्पल दाखवते.

"आमच्याकडे म्हणतात, रोम बघायला एक जन्म पुरत नाही," निरोप घेताना रोमकर म्हणाला. त्याच्या पद्धतीनं बघायचं तर दोन पुरणार नाहीत, हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं ते वेगळंच. "पुण्याला ये की! मी आहे ना!"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती नजर मी ओळखतो. तशीच तिनं बकिंगहॅमच्या कुंपणाकडे बघितली होती.

रोमकर खरंच आला. हातात वही घेऊन! पाताळेश्वर, राजा केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, शनिवारवाडा. पाताळेश्वर मी शेवटचा पाहिला होता तेव्हा शाळेची सहल होती आणि माझं लक्ष डब्याकडे होतं. त्यानं आठव्या शतकातली ती लेणी, एकाच खडकातला तो गोल नंदीमंडप हात लावून लावून बघितला.

"हे अर्धवट का सोडलं?" त्यानं विचारलं.

मला उत्तर ठाऊक नव्हतं. पण 'माहीत नाही' हे शब्द ओठांवर येईनात. "निधी," मी म्हटलं.

रोमकरानं समजुतीनं मान डोलावली. त्याच्याकडेही असंच होतं म्हणे.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर, हत्तींना थोपवणाऱ्या त्या अणकुचीदार खिळ्यांकडे बघत तो भारावून उभा राहिला. मी घड्याळ बघितलं. "आत कशाला जायचं?" माझ्या तोंडून गेलं. "1828 च्या आगीत वाडा जळाला. आत नुसती जोती उरलीत."

"नुसती जोती?" त्याचे डोळे चमकले. "आमच्याकडे त्याला तिकीट असतं!"

"आमच्याकडेही आहे," मी म्हटलं, आणि आम्ही रांगेत उभे राहिलो.

लक्ष्मी रस्ता ओलांडताना मी त्याचा हात धरायला गेलो, तर तो आधीच पलीकडे पोचला होता. येणाऱ्या रिक्षावाल्याच्या डोळ्यांत डोळे घालून, वेग कमी-जास्त न करता, सरळ. रोममध्ये रस्ता असाच ओलांडतात. मी मात्र जन्मानं पुणेकर असूनही अलीकडच्या फुटपाथवर दोन सिग्नल थांबलो. पलीकडून तो ओरडत होता, "ये, ये! मी आहे ना!"

आणि मग, जाता जाता, मी त्याला शिंप्याकडे नेलं. एका वाड्याच्या बोळात, जिन्याखाली, पायमशिनवर शिवणारे आमचे शिंपी. पँट दिवाळीपासून त्यांच्याकडे होती.

"परवा या," शिंप्यानं मान वर न करता सांगितलं.

"का म्हणे?" रोमकरानं विचारलं.

मी भाषांतर केलं. मुलीचं बाळंतपण, वीज गेलेली, कापडाचा दर्जा. रोमकर स्टुलावर बसला. त्यानं मशिन बघितलं, बॉबिन बघितली, भिंतीवरची देवांची कॅलेंडरं बघितली. शिंप्यानं न विचारता त्याच्या शर्टाचं लोंबतं बटण शिवून दिलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. चहाही पाजला. तिथून रोमकर उठेना. आगाखान पॅलेस राहिला तो राहिलाच.

परत गेल्यावर त्यानं मला एक यादी पाठवली. त्याच्या बहिणीचं कुटुंब पुढच्या हिवाळ्यात पुण्याला येतंय, त्यांच्यासाठी तयार केलेली. 'पुण्यात काय चुकवू नये' असं वर लिहिलेलं. पहिल्या क्रमांकावर शिंप्याचं दुकान आहे, बोळाच्या नकाशासकट. शनिवारवाडा चौथा. बहिणीच्या नवऱ्याला मात्र शिंपी 'आतून' बघायचाय, तेव्हा वेळ घेऊन ठेव, असं त्यानं बजावलंय.

मी कालच जाऊन शिंप्याला तसं सांगून आलो. परदेशी पाहुणे येणार म्हणून दुकानाला रंग काढायचं त्यानं ठरवलंय. तोपर्यंत कामं बंद आहेत. पँट आता पाहुण्यांबरोबरच घेऊन जा म्हणाला.